मुळशीची ओली थंडी

मुळशीत थंडी वर्षातून दोनदा येते. एक दिवाळीनंतरची. तिची तयारी घरोघर होते: गोधड्या उन्हात पडतात, कानटोप्या निघतात, डिंकाचे लाडू होतात. दुसरी येते जूनच्या अखेरीस पावसाबरोबर आणि आवणी उरकून भात पोटरीला येईपर्यंत हलत नाही. तिला आपण थंडी म्हणतच नाही, पावसाळा म्हणतो. पण आपल्या खोऱ्यातल्या शाळकरी पोरांना कुठल्या थंडीने जास्त छळलं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर आहे, दुसरीने.

संपादक मंडळाने मला ‘शाळा आणि मुलांचं आरोग्य’ यावर जुन्या काळापासूनचं काही लिहायला सांगितलं. मी इतिहासाची विद्यार्थिनी नव्हे. इंजिनिअरिंग केलं आणि वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण आमच्या कामात एक सवय लागते, अडचण नेमकी कुठे आहे ते आधी आकडे मांडून बघायचं. म्हणून सुरुवात आकड्यांनीच करते.

हिवाळ्याचे आकडे धडकी भरवणारे आहेत. पुण्याचं नीचांकी तापमान जानेवारी १९३५ मधलं, १.७ अंश. जुलैत मात्र पारा २२ च्या खाली फारसा उतरत नाही. हिंजवडीला आमच्या ऑफिसात एसी २२-२३ वरच असतो आणि तिथे कुणी कुडकुडून आजारी पडत नाही. मग जुलैच्या त्याच २२ अंशांत वर्गातल्या पोरांचे दात का वाजायचे? कारण ऑफिसातला माणूस कोरडा असतो आणि वर्गातलं पोर भिजलेलं.

सुती गणवेश भिजला की जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं पाणी धरून ठेवतो. समजा, ४०० ग्रॅम. एक ग्रॅम पाणी वाळवायला साधारण ५७५ कॅलरी उष्णता लागते, म्हणजे अख्खा गणवेश अंगावर वाळवायला सुमारे २३० किलोकॅलरी. थोडी उष्णता हवेतून मिळते, पण कापड अंगाला चिकटलेलं असलं की मोठा वाटा अंगातूनच जातो. हा २३० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या पूर्वजांनी हे गणित मांडलं नव्हतं, पण उत्तर त्यांना माहीत होतं. उत्तर म्हणजे घोंगडी. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सनगरांचं विणकाम आणि वर चिंचोक्याची खळ. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पोटात घेते, तरी हाताला कोरडी लागते आणि ओल शोषताना किंचित ऊबही देते. घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतली की पावसाचे थेंब वरच्यावर निथळतात. आवणीला वाकलेल्या बाया इरलं घेत, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचं आच्छादन. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी. छत्री या दोन्ही गोष्टी करत नाही, आणि घाटाच्या वाऱ्यापुढे तर ती उलटीच होते. ताम्हिणीच्या तोंडाशी राहणाऱ्याला हे सांगायला नको. २०२४ च्या २५ जुलैला संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. पुणे शहरात वर्षभरात ७०० च्या आसपास पडतो.

मग ही घोंगडी शाळेपर्यंत का आली नाही? एक तर ती महाग. घरात एक किंवा दोन, आणि त्या गुराख्याच्या नाहीतर शेतावर जाणाऱ्याच्या अंगावर. दुसरं म्हणजे शाळा हीच इथे उशिरा आली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुंबई इलाख्यात त्यासाठीचा पहिला कायदा १९१८ चा, तोही नगरपालिकांपुरता. खेड्यातली शाळा देवळाच्या ओवरीत नाहीतर चावडीत भरायची.

शाळा खेड्यात रुजू पाहत होती त्याच सुमाराला मुळशीच्या खोऱ्यावर धरण आलं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. सत्याग्रह मोडला, १९२७ पर्यंत धरण उभं राहिलं आणि आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली गेली. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण पोरांच्या बाजूने तो क्वचितच सांगितला जातो. मुळशीचं पाणी डोंगर उतरून भिऱ्याला गेलं, तिथे वीज झाली आणि ती मुंबईत गेली. तिथल्या तेव्हाच्या मोठ्या ग्राहकांत कापडगिरण्या होत्या. म्हणजे ज्यांच्या पाण्यावर गिरण्यांचे माग चालले, त्यांच्या पोरांकडे बदलायला दुसरा सदरा नव्हता. शिवाय गावं वर डोंगराला सरकली, जुन्या पायवाटा बुडाल्या, पाण्याला वळसा पडू लागला. कपडा तोकडा आणि वाट लांब, या दोन गोष्टी एकाच वेळी वाट्याला आल्या. मुळशीतल्या मुलांच्या आरोग्याचा इतिहास मला तरी या दोन गोष्टींचाच इतिहास वाटतो.

मुलांची तब्येत ही शाळेची जबाबदारी आहे, हा विचारही तसा नवा. इंग्लंडमध्ये १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा आणि १९०७ मध्ये वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गला १९०४ मध्ये अशक्त मुलांसाठी रानात, उघड्यावर शाळा भरवली गेली. मोकळी हवा, पोटभर अन्न आणि अंगावर पुरेसे कपडे हे तिथलं औषध. आपल्याकडे शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली ती १९०९ मध्ये, बडोद्यात. बाकी देशात पुढची चार दशकं फारसं काही घडलं नाही. १९४६ च्या भोर समितीने शाळांमधली आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यात जमा आहे असंच नोंदवलं.

तोवर सगळी भिस्त घरावर. ओवा-लसणीची पुरचुंडी, हळद घातलेलं दूध, कुळथाचं माडगं, नाचणीची आंबील, दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंग, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी. यातलं बरंचसं शहाणपणाचं होतं. थंडीत अंगाला तेल आणि पोटाला स्निग्ध, उष्ण अन्न हवं, हे आपल्या सणांनीच ठरवून दिलेलं आहे. पण एक गोष्ट घातक होती. ओले कपडे वाळावेत आणि पोरं शेकावीत म्हणून दारं लावून, चुलीभोवती सगळ्यांना एकत्र बसवायचं. ऊब मिळायची, पण धूरही छातीत जायचा, आणि एकाचा खोकला सगळ्यांना. सर्दी-ताप थंडीने होत नाही, विषाणूने होतो. थंडी आणि ओल आपल्याला दाटीवाटीने कोंडून घ्यायला लावतात, आणि तिथे विषाणूचं फावतं.

घटसर्प, डांग्या खोकला, गोवर ही नावं आपल्या आज्या दबक्या आवाजात घ्यायच्या. त्यांना आळा घातला तो लसीने. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ व गोवर या सहा रोगांवरच्या लशी टप्प्याटप्प्याने खेड्यापाड्यांत पोचल्या. आपल्यातले बरेच जण तेव्हा पहिली-दुसरीत होते नाहीतर अंगणवाडीत सुकडी खात होते. वाडीवर पायी येणाऱ्या नर्सबाईंना पाहून माळ्यावर लपणाऱ्या धाकट्या भावंडांना खाली ओढून आणायचं काम आपणच केलंय. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूवरची लस देशभर सरकारी कार्यक्रमात यायला मात्र २०२१ उजाडलं.

आता आपल्या काळाबद्दल. सन १९८६ ते १९९६. घोंगडी घरातून जवळजवळ गेली होती आणि रेनकोट अजून आला नव्हता. मधल्या काळाचा राजा होता खताच्या गोणीची खोळ. एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झालं. पाणी बाहेर राही, पण घाम आत, आणि गुडघ्याखाली सगळं भिजलेलं. पायात बहुतेकांच्या काही नसे. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, त्यावर रात्री चुलीपाशी लावलेलं तेल. दप्तर आधी खोळीत, मग आपण. पुस्तक भिजलं तर मार बसे, अंग भिजलं तर कुणी विचारत नसे.

पण विचारणाऱ्या होत्या. आपल्या बाईंनी पाचवीच्या वर्गात मागच्या भिंतीला दोन खिळ्यांमध्ये सुतळी बांधली होती, आठवतं? पत्र्याच्या ट्रंकेत मोठ्या मुलांचे जुने सदरे आणि फ्रॉक असत. भिजून आलेल्याने आधी ते घालायचे, आपले कपडे पिळून सुतळीवर टाकायचे आणि मगच हजेरी. ढगळ फ्रॉक घालून बसलेल्या मुलीला हसणाऱ्याला बाई तोच फ्रॉक घालायला लावायच्या, म्हणून कुणी हसत नसे. शिक्षण खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात ही सुतळी नव्हती. मी आज हिशोब करते तेव्हा वाटतं, त्या सुतळीने दर पोरामागे रोज दोनशे-सव्वादोनशे किलोकॅलरी वाचवल्या.

बाईंची बदली झाली आणि सुतळी गेली. सातवीच्या पावसाळ्यात डोंगरावरच्या वाडीतली आपली एक मैत्रीण आधी आठवड्यातून दोन दिवस, मग चार दिवस दिसेनाशी झाली. तिचं नाव इथे लिहीत नाही, वर्गातल्या सगळ्यांना कळेल. तिच्याकडे एकच गणवेश होता. तो रात्रीत वाळायचा नाही आणि रंगीत कपड्यांत शाळेत यायला तिला लाज वाटायची. ऑगस्टमध्ये ती आवणीला जाऊ लागली, गणपतीनंतर आलीच नाही. वार्षिक परीक्षेत पहिल्या पाचात येणारी मुलगी. दाखल्यावर काही कारण लिहिलं गेलं असेल. मला विचाराल तर कारण होतं, न वाळलेला फ्रॉक.

आपण शाळा सोडायच्या बेतात असताना जेवणाची गोष्ट सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना आणली. आपल्याकडे ती आली महिन्याला ३ किलो तांदळाच्या रूपात, ८० टक्के हजेरी असेल तर. भाताच्या मुलखात पोरं पिशवीतून तांदूळ घरी नेऊ लागली! तांदूळ घरात पोचला की तो घराचा होतो, पोराचा राहत नाही. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि त्यानंतर आपल्या शाळांत खिचडीचं पातेलं चढलं. मद्रास महापालिकेने १९२५ मध्येच शाळेत जेवण सुरू केलं होतं, तिथून इथवर यायला पाऊण शतक लागलं.

२००६ च्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. आता मघाचा आकडा काढा. ओला गणवेश वाळवायला २३० किलोकॅलरी. म्हणजे सरकारने दिलेल्या गरम ताटातलं निम्मं अन्न ओला सदराच खाऊन टाकू शकतो. अन्न आणि कोरडं कापड या दोन योजना नाहीत, एकच आहे, हे मला त्या बेरजेने पटलं.

२००९ चा ऑगस्ट आपण सगळ्यांनी पालक म्हणून नाहीतर काका-मावशी म्हणून अनुभवला. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, रुमाल आणि मास्क तोंडावर आले. तो महिना कुठला होता ते बघा. डिसेंबर नव्हे, ऑगस्ट. आपल्या भागात फ्लूचा एक हंगाम भर पावसाळ्यात असतो. विलायती पुस्तकांतून आलेला ‘हिवाळ्यात मुलांना जपा’ हा धडा मुळशीला अर्धाच लागू पडतो. वर्गाची एक तरी खिडकी पावसाच्या उलट्या बाजूने उघडी ठेवणं, शिंकताना कोपर पुढे करणं, तापलेल्या मुलाला घरी ठेवणं, हे इथे जुलैपासूनच हवं.

राहिली लांब वाट. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला काम केलं, त्याचं सूत्र असं की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं. अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरं चारणाऱ्या मुलांच्या कुरणात भरली ती कुरणशाळा. तिथे शिकवण्याआधी पोरांना आंघोळ घातली जाई, केस विंचरले जात. २००० च्या सुमारास राज्याने वस्तीशाळा काढल्या त्यामागे हेच सूत्र होतं. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंत १ किलोमीटर आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटर असं अंतर आलं. या नियमाला मी आरोग्याचा नियम म्हणते. एक किलोमीटर भिजत आलेलं पोर आणि पाच किलोमीटर भिजत आलेलं पोर यांची तब्येत सारखी राहत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्यासाठी प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून शेजारच्या, तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातल्या पानशेतचं नाव पुढे आलं. मोठी शाळा, प्रयोगशाळा, खेळायला सवंगडी, ने-आणीला गाडी. यातलं कुठलंही सुख आपल्या धनगरवाड्यांतल्या आणि कातकरी वाड्यांतल्या मुलांना मिळू नये असं कोण म्हणेल? पण गाडी डांबरी रस्त्यावर थांबते. वाडीपासून त्या रस्त्यापर्यंतची चिखलाची वाट पोरालाच तुडवायची असते, आणि ज्या दिवशी गाडी येत नाही त्या दिवशी आख्खी. सहा-सात पोरांची कौलारू शाळा आकड्यांत परवडत नसेल, पण तिथे पोचणारं पोर कोरडं पोचतं.

मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला स्वेटर भेट द्यावेत असं आपल्यातल्या अनेकांच्या मनात आहे. जरूर देऊ. डोंगरावरून येणाऱ्या पोरांना जानेवारीच्या सकाळी ते हवेतच. पण त्याआधी माझी मागणी जूनची आहे. प्रत्येक वर्गात एक कपाट, त्यात मापामापाचे कोरडे कपड्यांचे जोड आणि पंचे. व्हरांड्याच्या आडोशाला वाळत घालायच्या दोऱ्या. वाडीवरून येणाऱ्या प्रत्येक मुलाला दुसरा गणवेश, गुडघ्याखाली येणारा रेनकोट आणि धुऊन लगेच वाळणारी रबरी चप्पल. सकाळी आल्याआल्या कपभर गरम नाचणीची आंबील, कारण खिचडी दुपारी मिळते आणि मूल भिजतं सकाळी. खर्च स्वेटरांहून फार वेगळा येणार नाही, मी दर काढून ठेवले आहेत, समितीला देते. ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांनी आपापल्या गावच्या ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत बसून वाडीवरच्या लहान शाळेच्या बाजूने दोन शब्द बोलावेत, तीही मोठी देणगी ठरेल.

आणि हे उपयोगी पडतंय की नाही हे कळायला फार मोठ्या अभ्यासाची गरज नाही. सर, बाई, तुम्ही हजेरीपट किती नेटका ठेवायचात ते आम्हाला माहीत आहे. यंदाच्या जुलै-ऑगस्टची हजेरी वाडीनिहाय लिहून ठेवू, आणि कपाट आल्यानंतरच्या वर्षीची तिच्या शेजारी. डोंगरावरच्या मुलींची हजेरी गावातल्या मुलांइतकी भरली, तर सुतळी पुन्हा बांधली गेली असं समजू.